घोड माहेरची, भीमा सासरची

(मंडळाच्या वर्धापनदिनी दौंड येथे केलेले भाषण)



"यंदा आपल्या गावाविषयी तुम्ही बोला," असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण बाई म्हणाल्या, "पाहिलेलं सांगा, ऐकलेलं सांगा. परीक्षा थोडीच आहे?" म्हणून उभी राहिले आहे. चुकेल तेथे सांभाळून घ्यावे.

आता आपले गाव म्हणजे कोणते? पुरुषाला एक गाव असते, बाईला दोन. माझे माहेर शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. आमच्याकडे नदीचे नाव आणि गावाचे नाव एकच. पुणे आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, यांच्या साधारण मध्यावर, घोड नदीच्या काठी हे गाव वसले आहे. इंग्रजांच्या वेळी तेथे लष्कराची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून सुमारे आठशे शिपाई निघाले, रात्रभर चालले आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. त्या शिपायांत महार शिपाई पुष्कळ होते. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील जयस्तंभाला अभिवादन करण्यास आले आणि आज दर वर्षी १ जानेवारीला तेथे लाखो माणसे येतात. त्यांची वाट आमच्या घोडनदीहून निघाली होती, हे पुष्कळांना माहीत नसते.

छावणी गेली, कबरी राहिल्या. त्यांत कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाची कबर आहे. तो १८०९ साली वारला. गावच्या लोकांनी त्याला 'सत्पुरुष' ठरवले. सुगी झाली की पहिल्या धान्याचा नैवेद्य त्या कबरीवर नेत, असे १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात लिहिलेले आहे. माझी आजीही तसेच सांगे. मी विचारी, "आजी, तो तर परका ना?" ती म्हणे, "अगं, आपल्या मातीत निजला तो आपलाच." लग्न होऊन परक्या गावी आले तेव्हा मला आजीचे ते बोलणे फार आठवले. मेलेल्या साहेबाला जे मिळाले ते जित्या सुनेलाही मिळावे, एवढीच माझी इच्छा होती!

शिरूरची नगरपालिका १८६८ ची, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी. शनिवारचा बाजार तर केवढा नावाजलेला! पूर्वी घोड्यांचा आणि गुरांचा मोठा व्यापार होई. आमच्या तालुक्यातच रांजणगावचा महागणपती आणि वढू बुद्रुकची छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. मी लहान होते तेव्हा कारखाने फारसे नव्हते. पुढे रांजणगावला औद्योगिक वसाहत आली आणि बाजरीच्या शेतांतून कामगारांच्या बसगाड्या धावू लागल्या.

आता सासरकडे येते. दौंडला मोठे केले ते रेल्वेने. पुण्याहून डिकसळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि दौंड त्या मार्गावर आले. १८७८ साली मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. माझे सासरे रेल्वेत होते. ते सांगत, पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे काही गाड्या परस्पर निघून जातात. रेल्वेमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांची माणसे येऊन राहिली. माझ्या शेजारी एका भिंतीला तेलुगू बोलणारे घर आणि दुसऱ्या भिंतीला ख्रिस्ती घर. नाताळचा फराळ आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडे एकाच डब्यातून फिरतो.

आणि भीमामाई! भीमाशंकराहून निघून ती येथे येते. आमची घोडही दौंडच्या परिसरातच तिला मिळते. लग्नानंतर हे कळले तेव्हा मला इतका आनंद झाला, की माहेरचे कोणी आधीच येऊन बसले आहे असे वाटले.

नवी नवरी होते तेव्हा नवरात्राच्या आधी आम्ही सगळ्याजणी गोधड्या धुवायला नदीवर जात असू. सासूबाई घरात फार बोलत नसत, पण नदीवर मोकळ्या होत. कोणाची सून आजारी आहे, कोणाच्या घरी दाणा नाही, कोणाला नवरा मारतो, हे सारे तेथे कळे आणि त्यावर काही उपायही निघे. मग नळ आले, यंत्रे आली, पाणीही काळे झाले. नदीवर जाणे सुटले आणि आम्ही आपापल्या दाराआड गेलो. मला वाटते, त्या घाटाची जागा आज या मंडळाने घेतली आहे.

आता एक गोष्ट सांगते. ती मी बाहेर कोठे बोलले नव्हते.

सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. एका पहाटे म्हणाल्या, "सूनबाई, भीमेचं पाणी घाल गं तोंडात." मी तांब्या घेऊन उठले खरी, पण नदीचे पाणी डोळ्यांसमोर आले. त्यावर जलपर्णी, फेस आणि वास. ते आजारी माणसाच्या तोंडात कसे घालू? मी माठातले नळाचे पाणी आणले आणि म्हणाले, "घ्या, भीमेचंच आहे." त्या दोन चमचे प्यायल्या. म्हणाल्या, "गोड आहे." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावे झाल्यावर मी हे घरात सांगितले. हे म्हणाले, "अगं, आपलं नळाचं पाणी खडकवासल्याच्या कालव्याचं, म्हणजे मुठेचं. मुठा मुळेला मिळते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. तू खोटं कुठं बोललीस? भीमेत जायचं पाणी जरा आधी पाजलंस इतकंच." माझे समाधान करण्यासाठी ते बोलले. थोडे झालेही. पण मनातला काटा गेला नाही. भीमेच्या काठी साठ वर्षे संसार केलेल्या बाईला शेवटी भीमेचे पाणी मिळाले नाही, हे खरेच आहे.

वरच्या शहरांचे सांडपाणी येते, हे आपण सगळ्या म्हणतो आणि ते खोटे नाही. त्याबद्दल अर्ज करावा, सरकारदरबारी विचारावे. पण भगिनींनो, पुलावरून निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी नदीत टाकणारा हात माझाही होता. हात जोडायचे आणि त्याच हातांनी घाण टाकायची, अशी आपली भक्ती!

म्हणून माझी एक विनंती आहे. या वर्षापासून मंडळाच्या सभासदांनी निर्माल्य नदीत टाकू नये. दोरे, कागद, प्लॅस्टिक वेगळे काढून फुले-पाने माझ्याकडे आणावीत. परसात खड्डा खणून ठेवला आहे. खत झाले की ज्याच्या त्याच्या तुळशीला परत देईन. एवढ्याने नदी निर्मळ होणार नाही, हे मला कळते. पण उद्या माझ्या सुनेने मला पाणी पाजताना खोटे बोलू नये, त्यासाठी माझ्याकडून होईल तेवढे मी करणार आहे.