कर्जाच्या तक्त्यात आपला रकाना कुठे आहे?

(हैदराबादेत मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तुमच्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर आहात. रिझर्व्ह बँकेचं संशोधन म्हटलं की तो शेअर बाजारवाल्यांचा विषय वाटतो. आज मला एवढंच सांगायचंय की तो आपलाही विषय आहे. ही बँक काय मोजते, यावर देशातलं कर्ज कुणाच्या दारात जाणार हे बरंचसं ठरतं.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या सभांमध्ये 'या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक झाली' एवढं एक वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. पण त्यांची पद्धत पाहा. सरकारी अहवाल, साक्षी, चलनाचे आणि विनिमय दरांचे आकडे त्यांनी बारकाईने तपासले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की देशाचा फायदा होतो, असं तेव्हा व्यापारी सांगत. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : हा फायदा देशातल्या एका वर्गाचा, आणि तो दुसऱ्या वर्गाच्या खर्चाने होतो. किमती चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे आकडा समोर आला की तो कुणाचा, हे विचारायचं.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ मध्ये, तिने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखावर कुटुंबं. त्यात एक प्रश्न होता, कर्ज कुणाकडून घेता? शेतकऱ्यांनी घेतलेल्या शंभर रुपयांतले जवळपास सत्तर सावकाराचे निघाले. सहकारी संस्थांचे तीनच्या आसपास, आणि व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नाही. खेड्यातल्या कुणालाही हे ठाऊक होतं. पण आकडा छापून आल्यावर दिल्लीला तो नाकारता येईना. त्या पाहणीच्या समितीने शिफारस केली आणि १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. लहान गावांत शाखा नेण्याचं काम तिच्यावर सोपवलं गेलं.

आता आजचे तक्ते घेऊ. २०२४-२५ या वर्षात यूपीआयवरून १८,५८७ कोटी व्यवहार झाले, रक्कम सुमारे २६१ लाख कोटी रुपये. भागाकार करा, सरासरी व्यवहार साधारण १,४०० रुपयांचा येतो. टपरीवरचा दहा रुपयांचा चहा आणि दुकानातला हजारोंचा फोन एकाच सरासरीत बसले. पैसा हातोहात फिरतोय हे यातून कळतं. टपरीवाल्याला बँक कर्ज देते का, हे कळत नाही.

रिझर्व्ह बँक वित्तीय समावेशन निर्देशांकही काढते. सेवा हाताशी आहे का, लोक ती वापरतात का, तिचा दर्जा कसा, हे त्यात शून्य ते शंभरमध्ये मोजतात. मार्च २०२१ साठी तो ५३.९ होता, मार्च २०२५ साठी ६७. वाढ चांगलीच आहे. पण जाहीर होतो तो अख्ख्या देशाचा आकडा. त्यात जातनिहाय फोड नाही.

तिसरी गोष्ट अग्रक्रम क्षेत्राची. बँकांनी ठरावीक पद्धतीने काढलेल्या एकूण कर्जातलं १२ टक्के दुर्बल घटकांना द्यायचं असतं. त्या घटकांची यादी वाचा : अल्पभूधारक शेतकरी, कारागीर, अनुसूचित जाती-जमाती, बचत गट, अल्पसंख्याक, अपंग आणि आणखी काही. बँकेने १२ टक्के पुरे केले तरी त्यात आपल्या वस्तीला किती आलं, हे त्या एका आकड्यातून समजत नाही.

हे महत्त्वाचं का? मोठं कर्ज बहुधा तारणावर मिळतं, आणि तारण म्हणजे जमीन, घर, दुकान. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं, जमिनीपासून दूर ठेवलं, त्यांच्या नातवाने तारण आणायचं कुठून? बँकेच्या कागदावर त्याची नोंद 'धोका जास्त' एवढीच होते. त्यामागचा इतिहास दिसायचा तर तक्त्यात जातीचा रकाना लागतो. तो ठेवता येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ मध्ये कुटुंबांच्या कर्जाची आणि मालमत्तेची पाहणी केली, त्यात सामाजिक गटाची नोंद आहे.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जाचे आकडे फुकट मिळतात. तुमचा जिल्हा नांदेड असो, बिदर असो की आदिलाबाद, तो शोधा. शंभर रुपये ठेवीमागे तिथे किती कर्ज दिलं गेलं ते काढा. मग आपल्या राज्याच्या बँकर्स समितीच्या बैठकांचे कागद उघडा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जाचा आकडा पाहा. तो नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना भेटून विचारा.

आपल्या घरात पासबुक वाचणारे तुम्ही पहिले असाल. बँकेचा अहवाल वाचणारेही तुम्हीच पहिले व्हा. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याच्या ठेवी, कर्ज आणि त्यातला आपला वाटा हे तीन आकडे लिहून आणायचे. तिसरा मिळाला नाही, तर कुणाकडे मागितला आणि काय उत्तर मिळालं ते लिहून आणा.

जय भीम.