सशाचं घर, किनाऱ्यावरच्या हवेत

अलिबाग ते श्रीवर्धन या किनाऱ्यावर पाळीव सशाचं घर बांधताना आधी हवेचा विचार करावा. ससा माणसासारखा घामावाटे थंड होत नाही. अंगातली बरीचशी उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. पारा 30 अंशांपुढे गेला आणि हवा दमट असली, की त्याची तगमग होते. म्हणून पत्र्याच्या बंद पिंजऱ्यापेक्षा जांभ्याच्या जोत्यावर, सावलीत, झावळ्यांनी शाकारलेलं, बाजूंना जाळी असलेलं घर स्वतः बांधणं शहाणपणाचं.

झावळ्या पावसात कुजतात, हा आक्षेप खराच. मग कौलं घालावीत. पत्राच परवडत असेल, तर त्यावर झावळ्यांचा जाड थर हवा. उघड्या जाळीतून मुंगूस, साप शिरतील, ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय बारीक छिद्रांच्या जाळीचा. खाऱ्या वाऱ्यात ती गंजते, तेव्हा दर पावसाळ्यानंतर तपासावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली किती छपरं उडवली, ते आठवून छप्पर जोत्याला घट्ट जखडावं. तळाला मात्र जाळी नकोच. सशाच्या पावलांना कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, तारेवर ती सोलवटतात. फळ्यांवर कोरडा पेंढा पसरावा आणि ओला झालेला रोज काढावा.