व्रताला व्यवस्थेची जोड



सेवा शिकवून येत नाही, ती अंतःकरणातच असावी लागते, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. करुणा शिकवता येत नसेल; हिशेब मात्र शिकावाच लागतो. निराधार बालकाविषयीची कळकळ उपजत असू शकते. त्या बालकासाठी आलेल्या देणगीचा विनियोग, कार्यकर्त्यांची जबाबदारी, विश्वस्त मंडळाचे कर्तव्य आणि कायद्याची बंधने यांचे ज्ञान उपजत नसते. म्हणूनच सेवाभावी संस्थांचे नेतृत्व व प्रशासन हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला, तर त्यात नाक मुरडण्याजोगे काही नाही.

प्रशिक्षणाची आपली परंपरा

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा केवळ उत्साहावर विसंबून कोणाला सदस्य करून घेतले नाही. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे प्रशिक्षणात घालवावी लागत. देशसेवेलाही उमेदवारी लागते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने शंभर वर्षांपूर्वीच जाणले होते. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभले. त्यांच्या त्यागाची गाथा आपण गातो; परंतु पै-पैचा चोख हिशेब हेही त्यांच्या व्रताचेच अंग होते, याचे स्मरण आपल्याला क्वचित होते.

पुढे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. भारतातील असे ते पहिलेच. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. त्याआधी दहा वर्षे ते नागपाड्याच्या कामगारवस्तीत काम करीत होते. वस्तीतला अनुभव आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात कर्व्यांच्याच नावाची समाजसेवा संस्था १९६३ मध्ये उभी राहिली. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापनाची शिक्षणसंस्था काढली, ती दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांना सुशिक्षित व्यवस्थापक मिळावेत म्हणून. अमेरिकेत ना-नफा संस्थांच्या प्रशासनाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी १९८०च्या दशकात रुजू लागली. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांपैकी अगदी आरंभीचा.

संस्थापकांनंतर काय?

आज या शिक्षणाची निकड का भासावी? आपल्या संस्थांकडेच पाहा. एखाद्या ध्येयवेड्या दांपत्याने माळरानावर वसतिगृह उभारलेले असते. तीस-चाळीस वर्षे सारा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. कोणत्या देणगीदाराला काय वचन दिले, जमिनीचा कागद कुठे आहे, हे सारे त्यांच्या स्मरणात असते. त्यांचे हातपाय थकतात आणि मग कळते की, इतिवृत्ते अपुरी आहेत, नव्या विश्वस्तांचे बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर गेलेलेच नाहीत. दोन गट पडतात. मुलांच्या भोजनासाठी मिळालेला पैसा वकिलांकडे जातो. अशा संस्थेत कोणी अप्रामाणिक नसते. तरीही संस्था मोडते. निष्ठेची उणीव नव्हे, व्यवस्थेची उणीव तिला मोडते.

त्यात काळही बदलला आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान २ टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. हा निधी मागायला जाणाऱ्या संस्थेला आराखडा, अंदाजपत्रक आणि परिणामांचा लेखाजोखा मांडावा लागतो. विदेशी देणगीविषयक कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने त्या निधीतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कोणता खर्च प्रशासनाचा आणि कोणता प्रत्यक्ष कार्याचा, हे न समजणारा भला माणूस नकळत कायदा मोडून बसेल.

पदवीच्या मर्यादा

पदवी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निधी जिकडे, काम तिकडे, ही वृत्ती एकदा शिरली की संस्थेचा आत्मा हरवतो. पाड्यावरच्या आईची व्यथा तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. म्हणूनच समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला वर्गाइतकेच महत्त्व दिलेले आहे. ज्या पदवीधराने पाड्यावर मुक्काम केला नाही, त्याने पाड्यासाठी योजना आखू नये.

मात्र जुन्या कार्यकर्त्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा. शिकलेला तरुण संस्थेत आला आणि त्याने वेतन मागितले, तर त्याची निष्ठा कमी कशी ठरते? त्याला घर आहे, वृद्ध माता-पिता आहेत. इमारतीच्या कोनशिलेसाठी देणगीदार सहज मिळतो. लेखापालाच्या वेतनासाठी मिळत नाही. उपाशी कार्यकर्ता ही संस्थेची शोभा नाही. अल्प पण निश्चित मानधनावर आजीव सदस्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या, ते उदाहरण याच महाराष्ट्रातले आहे.

तेव्हा करण्याजोग्या गोष्टी तीन. प्रत्येक संस्थेने आपला एक तरुण कार्यकर्ता या शिक्षणासाठी पाठवावा आणि तो परतल्यावर त्याला निर्णयाचा अधिकार द्यावा. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी आपली दारे उघडावीत. आणि आई-वडिलांनी, मुलगा वा मुलगी ही वाट निवडते म्हणाली, तर "यात करिअर काय?" एवढेच विचारून थांबू नये, कोणत्या कामासाठी शिकणार, हे विचारावे.

संस्थापकांनी लावलेला दिवा विझू न देणे हे पुढच्या पिढीचे कर्तव्य आहे. त्यासाठी वातीइतकीच तेलाचीही तजवीज हवी, आणि ती आजच करावी लागेल.