दहावीनंतर : एका डिप्लोमावाल्याचे चार शब्द

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, बिलासपूर येथे मंडळाने घेतलेल्या ‘दहावीनंतर काय?’ या कार्यक्रमातील भाषण)



सचिवांनी बोलण्यासाठी विचारले तेव्हा मी म्हणालो, “अहो, आपल्या कॉलनीत बी.ई., एम.टेक. झालेली एवढी मंडळी आहेत. मी तर फक्त डिप्लोमा.” त्यांनी ऐकले नाही. घरी जाताना लक्षात आले की हा ‘फक्त’ मी वीस वर्षे स्वतःच लावत आलो आहे. तेव्हा त्याच्यावरच बोलावे असे ठरवले.

१९९५ साली मला दहावीला ६४ टक्के मिळाले. बाबा रेल्वेत फिटर, पाठीवर दोन बहिणी. लवकर कमावता हो म्हणून मला पॉलिटेक्निकला सिव्हिलला घातले. शाळा हिंदी, घर मराठी आणि पुस्तके इंग्रजी! पहिल्याच वर्षी अप्लाइड मेकॅनिक्समध्ये नापास झालो. आईने शेजारी कोणाला सांगितले नाही, पण शेजाऱ्यांना कळलेच. कॉलनीत काही लपते का?

दुसऱ्या वर्षी सर्व्हेचे प्रॅक्टिकल सुरू झाले. सरांनी थिओडोलाइट लावायला सांगितला, कॉलेजच्या पाण्याच्या टाकीचा कोन घ्यायला लावला आणि म्हणाले, टाकीवर न चढता तिची उंची सांग. शाळेत टॅन थीटा मी नुसताच पाठ केलेला. त्या दिवशी त्याचा उपयोग कळला. दुसऱ्या बॅचचे आणि आमचे उत्तर जवळजवळ सारखे आले, तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखे वाटले. काही मुलांना आधी हाताने कळते आणि मग डोक्याने. मी त्यातला होतो.

२००३ साली, आपला झोन झाला त्याच वर्षी, मी जे.ई. म्हणून रुळाच्या कामावर लागलो. आता सिनिअर सेक्शन इंजिनिअर आहे. जुनी माणसे अजून ‘पी.डब्ल्यू.आय. साहेब’ म्हणतात, ऐकायला बरे वाटते. आमच्याकडे वळणाची त्रिज्या कशी काढतात ते सांगतो. रुळाच्या आतल्या कडेला वीस मीटरची दोरी ताणायची आणि बरोबर मध्यावर दोरीपासून रूळ किती लांब आहे ते मिलिमीटरमध्ये मोजायचे. ५०,००० ला त्या आकड्याने भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. ५० मि.मी. आले तर १,००० मीटर. यामागे वर्तुळाची जीवा आहे, म्हणजे तुमच्या दहावीच्या पुस्तकातलीच भूमिती. माझ्याकडे नव्याने येणारी बी.टेक. मुलेही पहिल्या दिवशी हीच दोरी धरतात.

आता हिशेबाचे बोलू. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, एकूण सहा. डिप्लोमाची तीन वर्षे आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला तर पुढची तीन, तीही सहाच. शिवाय मध्येच घरी अडचण आली तर हातात नोकरीयोग्य कागद असतो. रेल्वेत जे.ई.ची जागा सातव्या वेतन आयोगात लेव्हल ६ ची, मूळ वेतन ३५,४००. पुढे विभागीय परीक्षा देऊन गट ‘ब’ अधिकारीही होता येते.

मात्र फक्त गोड बाजू सांगितली तर तुमची फसवणूक होईल. जे.ई.च्या त्याच परीक्षेला पदवीवालेही बसतात, त्यामुळे चुरस मोठी आहे. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला पदवी लागतेच. आयआयटीत थेट दुसऱ्या वर्षाची सोय नाही. नोकरी करता करता ए.एम.आय.ई. करण्याची आमच्या वेळची वाटही आता तशी राहिली नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांचीच ती पदवीसमान धरली जाते. माझे नाव त्याआधीचे होते, पण सेक्शन ए झाले आणि बी राहिले ते राहिलेच. रात्रीची गस्त, डेरेलमेंट ही कारणे आहेत, पण आळसही होता हे कबूल करतो. पदवी करायची असेल तर डिप्लोमाला जोडूनच करा.

आपल्यासारख्या बाहेरच्या मराठी माणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण गावाला ‘आमचे गाव अमरावती’ म्हणतो, पण एनआयटीच्या कोट्याला गाव कळत नाही. मुलगा बारावी जिथून पास होतो ते त्याचे होम स्टेट, आणि निम्म्या जागा होम स्टेटच्या मुलांना. इथून बारावी केली तर रायपूर आपले, नागपूरचे व्हीएनआयटी परके. एका सहकाऱ्याने मुलाला कोटाला पाठवले, बारावीही तिकडच्याच शाळेतून डमी. पर्याय भरायला बसले तेव्हा रायपूरला तो परराज्यातला निघाला! महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात डोमिसाइलवाल्यांसाठी आणि महाराष्ट्रात नेमणूक असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळे प्रकार आहेत. आपल्या झोनचा नागपूर विभाग तिकडेच आहे, म्हणून बदलीच्या अर्जाआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

शेवटी घरची गोष्ट. माझा मुलगा यंदा दहावीत आहे. मघाशी आरतीला ताशा वाजवत होता तोच. मिक्सर, पंखा, सायकल, घरात काही धड ठेवत नाही, सगळे उघडून बघतो. एप्रिलमध्ये म्हणाला, “बाबा, मला मेकॅनिकल डिप्लोमा करायचा आहे.” माझ्या तोंडून पटकन निघाले, “डिप्लोमा नको. बी.टेक.च कर.” तो म्हणाला, “का? तू पण तेच केलंस ना?” मला उत्तर सुचले नाही. ज्या डिप्लोमावर मी घर चालवले, बहिणींची लग्ने केली, तो माझ्याच मुलाला मला कमी वाटला. सौ. नुसती हसली.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही दोघे पॉलिटेक्निकचे वर्कशॉप बघायला जाणार आहोत. तिथले लेथ चालू आहेत की धूळ खात पडले आहेत, शिकवणारे आहेत का, हे आधी बघू. नंतर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचेही बघू. ठरवायचे त्याने. ज्यांना मुलांना घेऊन आमच्याबरोबर यायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला सांगावे, जीपमध्ये अजून चार जागा आहेत.

गणपती बाप्पा मोरया!