हाडांतील वेदना आणि तिचे औषध

कर्करोग मूळ जागा सोडून हाडांत उतरला, म्हणजे रोग्याची झोप प्रथम हरपते. स्तन, प्रोस्टेट ग्रंथी व फुप्फुस यांच्या कर्करोगांत असे पुष्कळदा घडते. हाड दिसते दगडासारखे. परंतु जुने झिजविणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचा व्यवहार त्यात अखंड चालू असतो. कर्कपेशी तेथे शिरताच हा तोल ढळतो. हाड दुबळे होते आणि ठणका सुरू होतो.

लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचा आग्रह असा, की वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध ठरल्या वेळी द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली हेच तत्त्व स्वीकारले. साध्या वेदनेला पॅरासिटामॉलसारखे औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. शक्य तो तोंडावाटे आणि घड्याळाकडे पाहून.

मॉर्फिनचे नाव निघताच कुटुंबीय बिचकतात. रोग्याला व्यसन लागेल, किंवा आता आशा संपली, असे त्यांना वाटते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने हे औषध मिळणेही दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकतो. म्हणून सारक औषध आरंभापासूनच द्यावे लागते. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, तशीच एकाएकी बंदही करू नये.

हाडाची झीज रोखण्यासाठी झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून, किंवा डेनोसुमॅब त्वचेखाली टोचतात. त्यांनी अस्थिभंगाचा धोका कमी होतो. परंतु तात्काळ आराम पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. क्वचित जबड्याच्या हाडास इजा होते, म्हणून आधी दात तपासून घेणे श्रेयस्कर. एकाच ठिकाणच्या ठणक्यावर किरणोपचाराची एकच मात्राही अनेकदा गुणकारी ठरते. मात्र पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाऊ लागली, किंवा लघवी अडली, तर वेदनाशामक देऊन घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रोग्याच्या उशाशी एक वही असावी. औषध किती वाजता दिले, दुखणे किती उरले, झोप किती लागली, एवढे तीत लिहावे. सोसण्यात मोठेपणा आहे असे रोग्याला शिकवू नये. दुखते आहे, हे त्याला निःसंकोच सांगता यावे.