आपली माहिती, आपला हक्क

जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या सेवा केंद्रात आपण आधार, सातबारा, बँक खात्याचा क्रमांक देतो. ही माहिती कशासाठी वापरली जाणार, हे जाणून घेण्याचा हक्क आता कायद्यात आला आहे. त्यामागे सल्लागार समित्यांचं मोठं काम आहे.

२०१२ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या समितीने खासगीपणाची नऊ तत्त्वं मांडली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने मुंबईसह चार शहरांत लोकांची मतं ऐकली आणि २०१८ मध्ये अहवालासोबत विधेयकाचा मसुदा दिला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

समितीचा सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो. श्रीकृष्ण समितीने देखरेखीसाठी स्वतंत्र प्राधिकरण सुचवलं होतं. कायद्यात मंडळ आलं आणि त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमतं. पण समितीचा अहवाल सर्वांसमोर आहे, म्हणूनच काय घेतलं आणि काय वगळलं, याचा जाब विचारता येतो.

या कायद्यात संमतीची सूचना मराठीत मिळण्याची आणि दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तेव्हा अंगठा लावण्याआधी जरूर विचारा, माझी माहिती कशासाठी हवी?