‘पित्त’ आणि पित्ताशय

(शताब्दी महोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षेप)



ग्रंथालयात येऊन एका शब्दाविरुद्धच तक्रार मांडण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. तो शब्द ‘पित्त’. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. वस्तुतः ते जठरातील आम्ल होय. ज्याला वैद्यकशास्त्र पित्तरस म्हणते तो यकृतात तयार होतो आणि उजव्या बरगड्यांखालील पित्ताशयात साठतो. या घोटाळ्यापायी माझ्या मातोश्रींनी दीड वर्ष मोरावळा आणि आमसुलाच्या सारावर काढले. मी स्वतः डॉक्टर. पण मीही ‘पित्तच असेल’ म्हणून मोकळा झालो होतो!

पित्ताशयात जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर रस मावतो. स्निग्ध जेवणानंतर ही पिशवी आकुंचन पावते. त्या वेळी आतला खडा तोंडाशी अडकला की कळ उठते. पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी वा उजवीकडे, ती सुरू होते; पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते; अर्ध्या तासापासून काही तास टिकते. मळमळ, उलटी होते. बासुंदी-पुरीच्या जेवणानंतर मध्यरात्री जाग यावी, हा तिचा नेहमीचा रिवाज.

पित्तरसात कोलेस्टेरॉल वाढले किंवा पिशवी पुरती रिकामी होईनाशी झाली की खडे धरतात. स्त्रिया, विशेषतः गरोदरपणात, चाळिशी उलटलेले, स्थूल व मधुमेही यांत हे प्रमाण अधिक. आनुवंशिकता आहेच. झपाट्याने वजन उतरवणेही बाधते.

सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून घाबरू नये. बहुतेकांना ते कधीच त्रास देत नाहीत. परंतु कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे वा लघवी पिवळी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घाम, धाप किंवा छातीत दडपण असल्यास प्रथम हृदयविकाराची शंका घ्यावी.

कळा वारंवार येऊ लागल्या की पित्ताशय काढणे हाच सामान्यतः खात्रीचा उपाय. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी 1882 साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. दुर्बिणीद्वारे ती भारतात 1990 साली मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. पित्ताशयावाचून पचन अडत नाही. यकृतातील रस थेट आतड्यात उतरतो.

मातोश्रींची शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्या याच ग्रंथालयात पुस्तक बदलायला आल्या. दीड वर्षाच्या त्यांच्या कळांचे ऋण आज या व्याख्यानाने अंशतः फेडतो.